कुशीवरून काढलेला फोटो

पावसाने उघडीप दिली की धायरीतून, नऱ्ह्यातून, सिंहगडाच्या पायथ्यापासून माझ्या मोबाइलवर माश्यांचे फोटो येऊ लागतात. बहुतेक वरून काढलेले. लालसर डोळे, करडी पाठ, तिच्यावर काळे पट्टे, आणि खाली प्रश्न, ‘ही कोणती?’

वरून पाहिलं तर मांसमाशी आणि अळ्यांच्या अंगात वाढणारी टॅकिनिड माशी सख्ख्या बहिणी वाटतात. म्हणून मी आधी कुशीवरून काढलेला फोटो मागतो. पाठीच्या टोकाशी त्रिकोणी ढाल असते. तिच्याखाली ठसठशीत गोल फुगवटा दिसला, की ती टॅकिनिड. मांसमाशीला तो नसतो. मग मिशीवरचा केस पाहायचा: टॅकिनिडमध्ये तो बहुधा नितळ, मांसमाशीत बहुधा पिसासारखा. पोटावरचे राठ केस आणि पंखातल्या शिरेचं वळण स्पष्ट आलं असेल, तर कधीकधी वंशापर्यंत पोचता येतं.

तिथे मी थांबतो, आणि हे थांबणं मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जगात टॅकिनिडच्या सुमारे ८,५०० जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक जाती नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करता येतात. रेशीम शेतकऱ्यांची वैरीण उझी माशी घ्या. १९८० मध्ये ती बंगालहून कर्नाटकात आली, तिथल्या रेशीमकिड्यांचं अतोनात नुकसान केलं. इतकी अभ्यासलेली माशी, तरी जुन्या लेखनात ती ‘एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स’ आहे आणि आता ‘एक्झोरिस्टा बॉम्बिसिस’. प्रत्यक्ष नमुने हाताळणाऱ्यांची ही गत, तर फोटोवरून जातीचं नाव ठोकून द्यायचा मला काय अधिकार?

माशीपेक्षा तिचा यजमान, म्हणजे ती ज्याच्या अंगात वाढते तो किडा, कधीकधी जास्त सांगतो. रेशीमकिड्याच्या अंगावर बारीक पांढरं अंडं आणि आत शिरलेल्या अळीचा काळा डाग दिसला, तर माशी न पाहताही उझीचा संशय घेता येतो. म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना मी सांगतो: सुरवंटाचाही फोटो काढा, तो कोणत्या झाडावर होता ते लिहा, तारीख घाला. सुरवंट मेला आणि शेजारी लालसर तपकिरी कोष दिसला, तर टाकू नका. डब्यात ठेवा, वर मलमलचं फडकं बांधा. त्यातून निघालेली माशी यजमानासकट आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवता येते.