जीपचा काटा आणि चहाचं पातेलं

मैत्रिणींनो, जीपमध्ये तापमानाचा काटा बसवणं हा काय बायकांचा विषय झाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं होतं. पण त्यांच्या उजव्या हातावर भाजल्याचा जो डाग आहे, त्यानं मला बोलायचा हक्क दिला आहे!

आमची जीप जुनी. मूळच्या काट्यानं कधीच मान टाकलेली. "काटा कायले पायजे? तापली का वास येते ना मले," हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. परतवाड्याहून धारणीला येताना घटांगचा चढ लागतो. मे महिना, भर दुपार, जीप सामानानं भरलेली. तिथंच बॉनेटमधून वाफा निघाल्या. वास आला खरा, पण वाफेच्या मागून! ह्यांनी दुपट्ट्यानं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि मी ओरडेपर्यंत उकळतं पाणी हातावर.

आता सांगा, कुकरची वाफ जिरायच्या आत आपण झाकण काढतो का? रेडिएटरचंही तसंच. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊ शकतं. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि पाणी उसळतं.

हात बरा झाल्यावर दिवाळीच्या साडीचे पैसे मी काट्यासाठी काढून दिले. नळीचा काटा घेतला. नळीच्या टोकाची घुंडी इंजिनाच्या पाण्यात बसते, दुसऱ्या टोकाला तबकडी. बसवण्याआधी मी पातेल्यात पाणी उकळलं आणि घुंडी तळाला न टेकवता आत सोडली. काटा 100 च्या जरा अलीकडे थांबला. पास! (चिखलदऱ्याला हा प्रयोग केलात तर काट्याला नावं ठेवू नका. तिथं 1100 मीटर उंचीवर पाणी 96 च्या आसपासच उकळतं.) सासूबाईंना एकच काळजी, "चहाचं पातेलं तं नाई घेतलं?" तेच घेतलं होतं.

इंजिन पार गार असताना थोडं पाणी काढून घुंडी बसवली. नळी कापायची नाही, मुडपायची नाही. आतला द्रव गेला की काटा बाद. उरलेल्या नळीचं लोकरीच्या लडीसारखं सैल वेटोळं बांधलं. पत्र्याच्या भोकात रबर घातलं, नाहीतर हादऱ्यांनी पत्र्याची धार नळीला कापते. तबकडीतल्या दिव्याची वायर जोडण्याआधी बॅटरी सोडवली.

खरा वाद झाला तो जागेवरून. ह्यांना तबकडी स्टिअरिंगमागे हवी होती, मला मधोमध, माझ्याही नजरेसमोर. मी हटले नाही.

परवा त्याच चढावर काटा वर सरकू लागला. मी म्हटलं, "अहो, थांबा." ह्यांनी मुकाट्यानं सागाच्या सावलीत जीप लावली, बॉनेट उघडलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून झाकणाकडे बघत उभे राहिले.