भनपुरीच्या धुळीत निळी साल्व्हिया

रायपूर स्थानकाहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं, की शहराच्या उत्तर टोकाला भनपुरी येते. रोलिंग मिल, लाकडाच्या वखारी आणि मालमोटारींच्या रांगा. पुढे उरला नि सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने. सकाळी झाडलेलं अंगण संध्याकाळी पुन्हा काळसर होतं. इथे कुणी हौसेनं फुलझाडं लावत असेल, असं वाटलं नव्हतं.

पण जानेवारीतल्या एका सकाळी ओळखीच्या मराठी कुटुंबाचं फाटक उघडलं आणि पाय थबकले. घराच्या पूर्वेला निळ्या तुऱ्यांचा दाट ताटवा डोलत होता.

"साल्व्हिया! आपल्या तुळशीच्याच कुळातली," काकू म्हणाल्या. "देठ बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल."

देठावर पांढरट भुकटी होती. धूळ समजून मी ती पुसू लागताच काकू हसल्या. "अहो, ती तिची स्वतःचीच! कारखान्याची धूळ काळी असते." खरंच, या जातीचं शास्त्रीय नाव 'फॅरिनेशिया' हे पिठावरूनच पडलं आहे. तिचं माहेर टेक्सास आणि मेक्सिको.

परदेशी पुस्तकांत 'दिवसभर उन्हात लावा' असं वाचून काकूंनी पहिल्या वर्षी तसंच केलं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला आणि दुपारच्या झळांनी रोपं करपली. पुढच्या वर्षी उन्हाळा निभावला, तर पावसाळ्यात इथल्या काळ्या कन्हार मातीत पाणी साचून मुळं कुजली. शेजारणी म्हणाल्या, "फरशी घालून टाका." काकूंनी मात्र वाफ्याची जागा बदलली. थंड देशांत जपावं लागतं ते हिवाळ्यात. इथे बारमाही झाडाला उन्हाळा आणि पावसाळा पार करून द्यावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आता वाफ्याला दुपारपर्यंत ऊन मिळतं, नंतर घराची सावली. वाफा जमिनीपासून अर्धा फूट उंच केला असून मातीत वाळू, मुरूम आणि जुनं शेणखत मिसळलं आहे. खत बेतानंच, जास्त झालं, तर पानं माजतात, तुरे आडवे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही. रोपं फूटभर अंतरावर लावायची. सुकलेले तुरे खुडले, की नवे येतात. बहर सरला, की झाड छाटून बुडाशी पालापाचोळा पसरायचा. आठवड्यातून एकदा पानांवर पाणी मारून धूळ धुवायची, तेही सकाळीच. रात्रभर पानं ओली राहिली, तर बुरशी धरते.

बोलता बोलता एक मधमाशी फुलात शिरली. साल्व्हियाचे पुंकेसर तराजूच्या दांडीसारखे असतात. माशीनं मधासाठी डोकं खुपसलं, की दांडी खाली झुकते आणि पराग तिच्या पाठीवर पडतात. पलीकडच्या लाल साल्व्हियावर एक शिंजीर चोच लावून बसला होता.

"मुलगा म्हणतो, या धुरात कशाला राहता, पुण्याला या," काकू म्हणाल्या. "त्याचं चुकतं असं नाही. आमची छातीही कधी कधी भरून येते. पण दर वेळी वाटतं, एवढं बी धरू दे, मग बघू."

काकांनी तोवर नळाला पाइप जोडला होता. आज पानं धुवायचा वार होता.