छायाचित्र आणि निबंध
१९७४ साली लँडी व सिगॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ६० महाविद्यालयीन तरुणांना एका विद्यार्थिनीचा म्हणून निबंध वाचावयास दिला. काहींना सोबत देखण्या मुलीचे छायाचित्र, काहींना रूपाने डाव्या मुलीचे, उरलेल्यांना छायाचित्रच नाही. निबंध सुमार असला की देखणेपणाला अधिकच झुकते माप मिळाले!

आपल्याकडे परिचयपत्रातही छायाचित्र आधी निरखतात, गुण नंतर. माझ्या पुतणीने एम. कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा एका व्यापारी स्नेह्यांनी विचारले, "एवढी सुंदर मुलगी, तिला एवढे शिक्षण कशाला?" ती त्यांच्याच दुकानाचे जीएसटी विवरणपत्र तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, मार्चची दोन बिले राहिली आहेत."