जुना रस्ता, नवे टायर

मुंबईहून पुण्याला मोटारीने निघालेली मंडळी हल्ली बहुधा द्रुतगती मार्गच धरतात. २००२ मध्ये तो पुरता खुला झाला आणि चौक, खालापूर, खोपोली ही नावे प्रवाशांच्या तोंडून हळूहळू नाहीशी झाली. जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांत मग उरले दोनच प्रकार: हाताशी वेळ असलेले, आणि वेळ नसूनही जुनी सवय न सुटलेले. आमचे घराणे दुसऱ्या प्रकारातले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे घाट चढली ती त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये. म्हणजे आगगाडीपेक्षाही वडीलधारा असा हा रस्ता. त्याची मला आवडणारी गोष्ट अशी की, तो मोटारीला बोलती करतो. पनवेलपासून खोपोलीपर्यंत सपाटी, मधूनमधून वळणे, मग एकदम खडा घाट. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांत काही कमीजास्त असेल तर लोणावळे येण्याआधी ते कळल्यावाचून राहत नाही.

आणि कमीजास्त बहुधा असते ते दुरुस्तीनंतर! हे वाचकांना उलटे वाटेल. पण पावसाळा संपला, खड्ड्यांनी शॉकअब्झॉर्बर खाल्ले, टायर झिजले, म्हणून माणूस चार पैसे खर्चून सगळे नवे बसवून घेतो, आणि दुसऱ्याच दिवशी बायकोला म्हणतो, "गाडी पूर्वीच बरी होती गं!" हे उद्गार ज्या घरात ऐकू आले नाहीत असे मोटारवाले घर विरळा.

आमच्या मोटारीलाही पुढचे दोन शॉकअब्झॉर्बर, दोन्ही लोअर आर्म आणि पुढचे दोन टायर असा नवा साज चढला होता. वर्कशॉपने अलाइनमेंटच्या यंत्राचा छापील कागद हाती ठेवला होता. त्यावरचे सगळे आकडे हिरवे. हिरवे म्हणजे उत्तीर्ण. त्या कागदाच्या भरवशावर दुपारी बारा वाजता आम्ही दादर सोडले. निमित्त आनंदाचे नव्हते. पुण्याच्या आत्यांचे, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीचे, खुब्याचे हाड मोडले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. आत्यांचे वय ९१, अण्णांचे ८६. "ऑपरेशनच्या आधी मला तिला भेटायचंय, नंतर नव्हे," एवढेच अण्णा म्हणाले होते. रुग्णालयात भेटीची वेळ रात्री आठपर्यंत.

शीव ते पनवेल हा पट्टा पुलांचा आणि गर्दीचा. तिथे मोटारीची प्रकृती कळत नाही, माणसांची कळते. पळस्पे फाटा मागे टाकून जुना रस्ता मोकळा झाला तेव्हा पहिली तक्रार जाणवली. मोटार डावीकडे ओढत होती.

एवढ्यावरून लगेच घाबरू नये. पाणी दोन्ही अंगांना वाहून जावे म्हणून रस्त्याची पाठ मधोमध थोडी उंच ठेवलेली असते. आपण डाव्या अंगाने जातो, त्यामुळे निरोगी मोटारही किंचित डावीकडे झुकते. पण पुढे मोकळा रस्ता पाहून एखाद्या ट्रकला ओलांडताना आपण उंचवट्याच्या उजव्या अंगाला आलो की ही ओढ कमी व्हायला हवी. आमची झाली नाही. स्टिअरिंगचे चाक मात्र सरळ होते. मोटार सरळ चालूनही ते वाकडे राहिले असते, तर टाय-रॉडचे माप चुकले असे म्हणता आले असते. हादराही नव्हता. विशिष्ट वेगाला, बहुधा ऐंशीच्या पुढे, चाक थरथरू लागले की दोष बॅलन्सिंगचा असतो. त्याचा या ओढीशी संबंध नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि भलत्याच कामाचे पैसे मोजून येतात.

चौकच्या आसपास डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका आणि त्यातले नेढे दिसू लागते. लहानपणी ते प्रथम कोणाला दिसते यावर आमची पैज लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून त्या सुळक्याकडे पैजेच्या नजरेने पाहवत नाही. आम्ही तिघेही तिथे काही बोललो नाही.

पुढच्या वळणावर दुसरी तक्रार निघाली, आणि ती अण्णांनी पकडली. अण्णांनी तीस वर्षे फियाट चालवली, ग्रीस भरून घेण्याच्या जमान्यातली. माझ्या हातांकडे पाहत ते म्हणाले, "अरे, वळण संपल्यावर चाक आपणहून मागं का येत नाही?"

खरेच येत नव्हते. डाव्या वळणानंतर मोटारीला डावीकडेच जायचे असे, उजव्या वळणानंतर उजवीकडे. प्रत्येक वेळी मलाच ते ओढून सरळ करावे लागे. सायकलचा चिमटा खाली पुढच्या बाजूला कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ धावते. मोटारीच्या पुढच्या चाकांचा आसही असाच कलता असतो आणि त्या कलामुळेच स्टिअरिंग आपोआप सरळ होते. कागदावर हा कल हिरवा होता. मग चाकाला अडवत कोण होते?

खोपोलीत शिरताना दोन वाजले होते. समोर घाट. डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे नळ उन्हात चकाकत होते. वरच्या तलावांचे पाणी खाली आणून १९१५ पासून हे केंद्र वीज काढते आहे. अण्णा म्हणाले, "जाऊ या तसेच. सावकाश चालव." सौ. मागून म्हणाली, "अण्णा, घाटात चाक नाही फिरलं तर?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. घाटाच्या अलीकडे एका मिस्त्रीच्या शेडसमोर मी मोटार उभी केली.

मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला तो हिरवा कागद दाखवला. त्याने तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "साहेब, मशीन चाकाचा कोन सांगतं. टायरच्या पोटात काय आहे ते नाही सांगत."

प्रथम त्याने हवा पाहिली. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला मोटार ओढते. दोन्हीकडे सारखी होती. मग दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळवा धरला. एक चाक जास्त तापलेले असते तर तिथला ब्रेक धरून राहिला असे ठरले असते. तेही नाही. मग टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का ते वाकून पाहिले. बाण असलेला टायर बाजू बदलून कायमचा चालवता येत नाही. बाण नव्हता. तेव्हा त्याने पुढचा डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे चढवला, आणि आम्ही महडच्या वरदविनायकाच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो.

मोटार आता उजवीकडे ओढत होती.

इतका स्वच्छ निकाल कोर्टातही मिळत नसेल! बाजू बदलल्यावर ओढ तशीच राहती, तर कोन, स्प्रिंग, ब्रेक यांच्यापैकी कोणावर तरी संशय ठेवावा लागता. ओढ टायरबरोबर गेली, म्हणजे गुन्हेगार टायर, आणि तोही नवाकोरा. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. ते बसवताना तसूभर एका अंगाला सरकले की टायर वरून सारखा दिसला तरी चालतो शंकूसारखा. कागदी पेला आडवा करून टेबलावर ढकला; तो सरळ जात नाही, गोल फिरतो. मिस्त्रीने चहाचा पेला बाकावर लोटून अण्णांना हे दाखवले आणि अण्णा इतके खूष झाले की त्यांनी तो आणखी दोनदा लोटून पाहिला. उपाय सोपा होता. मागचे दोन्ही टायर त्याच मापाचे आणि निम्मे शिल्लक होते. ते पुढे आणले आणि नवे मागे घातले. मागच्या चाकावर शंकूचा खोडसाळपणा स्टिअरिंगला फारसा जाणवत नाही. शिवाय नवे टायर दोनच असतील तर ते मागेच असावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की मोटार सावरणे कठीण जाते.

दुसऱ्या तक्रारीसाठी त्याने सौ.ला चालकाच्या जागेवर बसवले. "वहिनी, स्टिअरिंग सावकाश या टोकाचं त्या टोकाला न्या." स्वतः चाकाआड हात घालून त्याने स्प्रिंगवर अलगद तळवा ठेवला. उजवीकडची स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरत होती. डावीकडची अडे, ताण धरी आणि मग टण्णकन उडी मारी. शॉकअब्झॉर्बरच्या माथ्यावर एक चपटे बेअरिंग असते; त्याच्यावर सगळे फिरायचे. डावीकडचे खोलून पाहिले तर ते उलटे बसवलेले! ते मोटारीचा भार घेत होते, फिरू मात्र देत नव्हते. ही चूक मापाच्या यंत्राला दिसत नाही, कारण यंत्र मोजते ते चाकाचे कोन. अडखळणे असते ते फिरताना.

लोअर आर्मचे बोल्टही त्याने ढिले केले. मी विचारले, हे कशाला? या बोल्टांभोवती रबराचे बुश असतात. मोटार जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर रबराला तीच आपली विश्रांतीची जागा वाटते. मोटार खाली उतरली की ते जन्मभर पिळलेले राहते, चाल कडक होते आणि बुश लवकर फाटतात. म्हणून मोटार चारी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी असताना शेवटचा आवळ द्यायचा. वर्कशॉपात कोणी दिला नव्हता हे बोल्टवरच्या खुणांवरून त्याला दिसले. तो रागावला नाही. "घाई असते त्यांना," एवढेच म्हणाला. मला वाटते, मोटार दुरुस्तीला देताना गृहस्थाने किंमत विचारावी तसे हेही विचारून ठेवावे की, बोल्ट हवेत आवळणार की जमिनीवर?

या सगळ्यात पावणेतीन तास गेले. अण्णा मधूनमधून घड्याळ पाहत. एकदा ते उठून शेडच्या दारापर्यंत गेले, घाटाकडे बघत उभे राहिले आणि परत येऊन बसले. तीही आमच्या वाटेकडे अशीच बघत असेल, असे ते काहीतरी पुटपुटले. मिस्त्रीने ते ऐकले असावे. "बाबा, सपाटीला गाडी चालली असती. वर प्रत्येक वळणाला साहेबांनीच चाक सरळ करायचं, आणि समोरनं ट्रक उतरतात," तो म्हणाला. पैसे बेताचेच घेतले. निघताना दोन सूचना दिल्या: लोणावळ्याला चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, आणि शॉकअब्झॉर्बर खोलला आहे, तेव्हा पुण्यात अलाइनमेंट परत बघा.

घाटाची पहिली वळणे आली तेव्हा मी चाकावरची पकड मुद्दाम हलकी केली. वळण संपले आणि स्टिअरिंग बोटांखालून सरकत आपणहून मधोमध आले. अण्णांनी फक्त हुंकार दिला. शिंग्रोबाच्या देवळाशी आम्ही नेहमीप्रमाणे वेग कमी केला. घाटातून लोहमार्गाची वाट साहेबाला याच धनगराने दाखवली आणि तिचे इनाम म्हणून त्याला गोळी मिळाली, असे सांगतात. येणारेजाणारे ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणे टाकतात. सौ.ने काच खाली करून आमचे टाकले. आणखी वर, जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो तिथे, अमृतांजन पूल असायचा. १८३० चा तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस असताना पाडला. त्याची कमान आली की वर आलो असे वाटे. आता ते लोणावळ्याच्या गारव्यावरून ओळखावे लागते.

लोणावळ्यात नट आवळून घेतले. एक खरोखरच पाव फेरा फिरला.

साडेसातला आम्ही आत्यांच्या खाटेशी होतो. उशीर का झाला, असे त्यांनी विचारताच अण्णांनी औषधाचा कागदी पेला उचलला आणि जेवणाच्या ट्रेवर आडवा लोटून दाखवला. आत्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि म्हणाल्या, "लहानपणी तू भोवरासुद्धा असाच तिरका सोडायचास." आठ वाजून गेले तरी नर्सबाईंनी दहा मिनिटे कोणाला उठवले नाही.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुपारी मी मोटार अलाइनमेंटला नेली. तिथलाही छापील कागद मिळाला. टोमध्ये किंचित फरक होता, तो त्यांनी काढून टाकला. बाकी आकडे मुंबईच्या कागदावर होते जवळजवळ तेच. तेव्हाही हिरवे, आताही हिरवे. सदोष टायर दुकानदाराने पंधरा दिवसांनी, बरीच कुरकुर करून, बदलून दिला.