गिअरबॉक्स उघडायचा की बदलायचा?

जुनी गाडी दारात असली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. टायर, बॅटरी, ब्रेक यांचा खर्च आपण कुरकुरत का होईना करून मोकळे होतो. तो दोन-तीन वर्षांनी यायचाच असतो. पण मिस्त्री गाडीखालून बाहेर येऊन हात पुसत "गिअरबॉक्सचं काम आहे" म्हणाला, की घरातला प्रत्येक माणूस गाड्यांचा जाणकार होतो. आमच्याकडे दोन आठवडे हेच चाललं होतं.

आमची गाडी जानेवारी २०११ ची. छोटी, पेट्रोलची, पाच गिअरची. मुलांच्या अब्बांनी कुवेतहून सुट्टीवर आले असताना रोख पैसे मोजून घेतली होती. ते वर्षातले अकरा महिने तिकडेच, त्यामुळे गाडी पहिल्यापासून मीच चालवते. शाळा, बाजार, लग्नकार्य, दवाखाना मिळून एक लाख अडतीस हजार किलोमीटर झाले. त्यात २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. त्या दिवशी गाडी अंगणात बोनेटपर्यंत पाण्यात होती. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे सगळा खर्च आमचाच. मिस्त्रींनी निरोप पाठवला होता, "भाभी, किल्ली फिरवू नका, मी येतो." त्यांनी गाडी ओढून नेली, सगळी तेलं काढली. गिअरबॉक्समधून निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. दोनदा धुवून नवं भरलं, आणि पुढची तीन वर्षं गाडीने काही मागितलं नाही.

मागच्या दिवाळीच्या सुमारास कुंभार्ली घाटात कुरबुर सुरू झाली. सासूबाईंना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अम्मींना, केमोसाठी दर तीन आठवड्यांनी कराडला न्यावं लागतं. जाऊन येऊन एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. कोयनानगर आणि पाटणकडचा रस्ता काही त्रास देत नाही. खरी परीक्षा घाटातल्या वळणांची. तिथे तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं, आणि नेमका दुसराच पडेना. जोर लावला की आतून 'कर्रर्र' आवाज यायचा. मागच्या सीटवर पाय पसरून पडलेल्या अम्मी प्रत्येक वेळी डोळे उघडायच्या. बोलायच्या काही नाहीत. पण मला आरशात दिसायचं.

मिस्त्रींनी आधी काही न उघडता तपासलं. गाडी जागेवर चालू, न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला: 'घूं' असा आवाज. क्लच दाबला: आवाज बंद. म्हणाले, "ही इनपुट शाफ्टची बेअरिंग." क्लच दाबल्यावरच आवाज आला असता तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा, आणि काम स्वस्तात झालं असतं. मग खालचा बोल्ट सोडून तेल काढलं. तेलात पितळेची बारीक चकाकी होती, आणि बोल्टच्या चुंबकाला लोखंडाचे दोन-चार पापुद्रे चिकटले होते. पितळ म्हणजे सिंक्रो रिंग झिजली, लोखंड म्हणजे बेअरिंग नाहीतर गिअरचे दात.

ही सिंक्रो रिंग काय असते ते समजल्याशिवाय पुढचा हिशेब कळत नाही, म्हणून थोडं सांगते. गिअर बदलताना आतले दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ते एकमेकांत अडकण्याआधी त्यांचा वेग सारखा व्हावा लागतो. ही पितळेची रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासते आणि तो वेग जुळवते. वरच्या गिअरमधून खालच्यात येताना तिला जास्त जोर लागतो. घाटात दुसरा गिअर शंभरदा लागतो, म्हणून दुसऱ्याचीच रिंग आधी जाते. रिंग झिजली की वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. कर्रर्र आवाज तो हाच.

अम्मींचे धाकटे भाऊ, आमचे मामू, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी शेजारी बसून डबल क्लच शिकवला. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटर हलकासा, पुन्हा क्लच आणि मग दुसरा. जे काम रिंगने करायचं ते आपल्या पायाने करायचं. त्यावर दोन फेऱ्या निभावल्या. पण वळणावर समोरून ट्रक, बाजूला दरी आणि मागे आजारी माणूस असताना पायाचं गणित करत बसणं, हा काही कायमचा इलाज नव्हे.

मग सल्ले सुरू झाले. मुलांचे अब्बा फोनवर म्हणाले, "विकून टाक. पंधरा वर्षांच्या गाडीत पैसे घालायचे नसतात." धाकट्या दिरांचं म्हणणं, कुर्ल्याहून जुना गिअरबॉक्स आणायचा, एका दिवसात काम. मोठा मुलगा म्हणाला, टॅक्सी करा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर ते गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करत नाहीत, नवा पूर्ण बसवतात, बासष्ट हजार आणि वर मजुरी. गाडीला बाजारात चांगल्या अवस्थेत नव्वद-पंच्याण्णव हजार येतील. हा पर्याय तिथेच संपला.

विकण्याचं मी मनापासून बघितलं. गिअरबॉक्स असा असताना व्यापाऱ्याने पंचावन्न हजार सांगितले. त्यात बरी गाडी यायला वर निदान दीड-दोन लाख हवेत. व्याजाचं कर्ज आमच्या घरात घेत नाहीत. बिनव्याजी उसने मागायचे तर ज्यांच्याकडे मागायचे, त्यांनी अम्मींच्या उपचाराला आधीच हात लावला होता. माझ्या हातात भिशीचे तीस हजार होते, नुकतेच लागलेले. आणि दोन लाखांत येणारी गाडीही जुनीच असणार. तिचा गिअरबॉक्स कोणत्या घाटात झिजला ते मला कोण सांगणार? आमच्या गाडीचे दुखणे निदान माहितीचे होते.

"नव्वद हजारांच्या गाडीवर वीस हजार?" असं जो तो विचारत होता. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गाडी विकायला काढलेली नव्हतीच. त्या वीस हजारांत दुसरीकडून काय मिळतं, हे बघायला हवं. म्हणून मुलाची टॅक्सी कागदावर मांडली. कराडच्या एका फेरीचे बत्तीसशे. आमच्या गाडीला पेट्रोल तेराशेचं. म्हणजे फेरीमागे एकोणीसशे वाचतात, आणि वीस हजार वसूल व्हायला दहा-अकरा फेऱ्या, सात-साडेसात महिने. उपचार पावसाळ्यापर्यंत चालणार होते. म्हणजे बरोबरीत सुटलं. मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, ते मी त्याला सांगितलंही.

पण केमोनंतर ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच दवाखाना गाठायचा असतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. एकदा रात्री पावणेदोनला असा ताप आला, तेव्हा टॅक्सीवाल्याचा फोन बंद होता. त्याचा दोष नाही, माणूस झोपणारच. आम्ही आमच्या गाडीने वीस मिनिटांत गावातल्या दवाखान्यात होतो. कागदावरच्या हिशेबात ही रात्र कुठल्या रकान्यात लिहायची? गाडी दारात हवी, एवढं ठरलं.

आता राहिले दोन पर्याय: आपला उघडायचा की कुर्ल्याचा बसवायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अख्खी गाडी सुटी मिळते, हे मुंबईकरांना सांगायला नको. दिरांनी फोटो पाठवला: पंधरा हजार, एक महिन्याची तोंडी हमी, "कमी चाललेला माल". गाडी कमी चाललेली असताना तिचा गिअरबॉक्स भंगारात का आला, याची कारणं दोनच. अपघात किंवा पाणी. अपघातातला असेल तर उत्तम मिळू शकतो, फक्त बाहेरचं आवरण तडकलेलं नसावं. पण पाण्यातला निघाला तर एका पुराचा काढून दुसऱ्या पुराचा बसवायचा! मिस्त्रींनी दिरांना फोनवरच शिकवलं. तेलाचा बोल्ट उघडायला सांग, तेल दुधाळ असेल तर परत ये. तेल अजिबात नसेल तरी परत ये. शाफ्ट हाताने फिरव, कुठे अडकतो का बघ. गिअरच्या दांड्याच्या भोकातून बॅटरी मारून गंज बघ. दुकानदार बोल्ट उघडू देईना. दिरांनी तोंड वेंगाडलं, मी मात्र खूश झाले.

शिवाय पंधरा हजार हा काही पूर्ण आकडा नव्हता. माल आणायचे हजार, काढ-घाल साडेतीन हजार, तेल हजार. आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लचप्लेट बदलता येत नाही, त्यामुळे उतरवला की क्लचचा सेटही त्याच वेळी टाकायचा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा. तो चार हजार नऊशे. बेरीज पंचवीस हजारांच्या वर गेली. कुर्ला स्वस्त नव्हतंच.

नियमांची एक गोष्ट इथे सांगून टाकते, कारण दोघा-तिघींनी विचारली. आरसीवर इंजिनचा आणि चॅसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला म्हणून आरसीत काही बदलत नाही. पण पंधरा वर्षं भरली की नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, गाडी तपासून घ्यावी लागते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली आहे, आणि आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. हाही खर्च हिशेबात धरायचा.

म्हणूनच पैसे देण्याआधी मी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितली. कोकणच्या हवेत पत्रा आधी जातो. तळ कुजलेला असता तर पुढच्या तपासणीत गाडी नापास झाली असती आणि नवा गिअरबॉक्स भंगारात गेला असता. मिस्त्रींनी पान्याने ठिकठिकाणी ठोकून दाखवलं. दाराखालच्या पट्टीत एके ठिकाणी गंज होता, बाकी पत्रा घट्ट. इंजिन तेल खात नव्हतं. मग मी म्हटलं, "उतरवा. उघडल्यावर मला बोलवा, त्याआधी एकही पार्ट आणू नका." उतरवायची मजुरी दोन्ही पर्यायांत सारखीच होती, उघडायचे फक्त दीड हजार जास्त. तेवढ्यात अंदाजाच्या जागी डोळ्यांना दिसणार होतं.

दुपारी शाळा सुटल्यावर गेले. वर्तमानपत्रावर सगळं मांडून ठेवलं होतं, ईदच्या दस्तरख्वानासारखं. बेअरिंगच्या कड्यावर तपकिरी डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. "पुराचं पाणी, भाभी. तेल बदललं तरी जिथे थेंब बसला तिथे बसला." नवी रिंग गिअरच्या कोनावर दाबली की मध्ये साधारण एक मिलिमीटर फट राहते. आमच्या दुसऱ्या गिअरच्या रिंगेत नखही जात नव्हतं. तिसऱ्याची थोडी बरी. दुसऱ्या गिअरचे बाजूचे छोटे दात, ज्यात स्लीव्ह अडकते, ते गोल झाले होते. हा खर्च अंदाजात नव्हता, एकतीसशे. तो टाळून फक्त रिंग टाकता आली असती, पण झिजलेल्या दातांवर नवी रिंग टाकली तर गिअर उतारावर आपोआप निसटू शकतो. कुंभार्लीच्या उतारावर! गिअर बदलायला सांगितला. डिफरन्शियल याच पेटीत असतो. तो साफ होता, आवरणातल्या बेअरिंगच्या जागाही. त्या जागा खाल्लेल्या असत्या तर मी तिथूनच कुर्ल्याला फोन केला असता.

पार्ट माझ्या भाच्याने पुण्याच्या नाना पेठेतून आणले. बेअरिंगमध्ये नकली माल फार येतो, म्हणून पक्की पावती घ्यायला सांगितलं, आणि जुनी बेअरिंग नमुन्याला सोबत दिली. मजुरी साडेसहा हजार, बेअरिंग अठ्ठेचाळीसशे, दोन रिंगा बावीसशे, दुसरा गिअर एकतीसशे, सील आणि तेल अठराशे पन्नास, क्लच चार हजार नऊशे. एकूण तेवीस हजार तीनशे पन्नास. भिशीचे उरले त्यातले पाच हजार जानेवारीच्या नोंदणीसाठी पाकिटात घालून ठेवले. जुने पार्ट मी मागून घेतले. मागावेतच, त्यात मिस्त्रीवर अविश्वास नसतो. झिजलेली रिंग आणि नवीच्या खोक्यावरचं चित्र सातवीच्या वर्गात घर्षणाच्या धड्याला दाखवलं.

हजार किलोमीटर झाल्यावर तेल पुन्हा बदललं. मिस्त्रींनी दोन बोटांत चोळून बघितलं. नव्या रिंगेची थोडी चकाकी असते, ती होती. लोखंड नव्हतं. अब्बा अजूनही फोनवर "विकायला हवी होती" म्हणतात, पण आता खर्च विचारत नाहीत. कराडच्या सात फेऱ्या झाल्या आहेत. घाटात दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. पुढच्या तारखेला मामूंनाही सोबत घ्यायचं ठरलंय. त्यांना तो स्वतः टाकून बघायचा आहे.