लोहारमामांचं देणं

खडकवासला म्हटलं की पुणेकराला धरणाचं पाणी आठवतं. मला आठवतं लोहारमामांच्या दगडी डोणीतलं पाणी. शाळा सुटली की मी त्यांचा भाता ओढायला जायचो. बदल्यात त्यांनी जे शिकवलं, त्यावर माझी पुढची सगळी नोकरी झाली.

1879 साली पुरं झालेलं आमचं धरण दगडी बांधणीचं. काळ्या पत्थरावर टाकी लवकर बोथटते, त्यामुळे पाथरवटाचं लोहारावाचून चालत नाही. मामांकडेही टाक्या यायच्या. टोक लालबुंद तापवून ते ठोकायचे, मग तेवढंच टोक पाण्यात बुडवायचे. चर्रकन आवाज व्हायचा. लगेच बाहेर काढून दगडाच्या कपरीवर घासलं की उजळ पोलादावर रंग सरकू लागायचे : फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. "घाई करू नको लेका. पिवळ्यावर विझवलीस तर टवका उडेल, निळा येऊ दिलास तर टोक मुडपेल." जांभळी झाक टोकाशी आली की टाकी पुन्हा पाण्यात.

या कामाला मामा 'पाणी पाजणं' म्हणत. पुढे धातुशास्त्र शिकताना उलगडा झाला. एकदम थंड केलेलं पोलाद कठीण होतं, पण ठिसूळही. दांड्यात उरलेली धग टोकाकडे येते आणि ठिसूळपणा कमी करते. पिवळा रंग सुमारे 230 अंश सेल्सियसला येतो, निळा 300 च्या आसपास. कठीण करणं सोपं. त्यातला किती कठीणपणा काढून टाकायचा, कसब ते.

शब्दाचं मूळ मात्र वराहमिहिराकडे सापडलं. सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त तलवारीला काय काय पाजावं, ते दिलं आहे : रक्त, तूप, पाणी, घोडीचं, उंटिणीचं, हत्तिणीचं दूध. त्याला तो शस्त्रपान म्हणतो. अक्षय धन हवं असेल त्यानं पाणी पाजावं, असं त्याचं सांगणं. मामांनी जन्मभर पाणीच पाजलं आणि टाक्यांची मजुरीही निम्मी उधारीवर राहिली. धन लाभलं ते मला.

नोकरीत मुलांना शिकवायची वेळ आली, तेव्हा आलेख काढण्याआधी मी त्यांना भट्टीपाशी उभं करून रंग ओळखायला लावायचो. पोरं विचारायची, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी खडकवासल्याचा पत्ता सांगायचो.