नैनसिंहांची १०० मण्यांची माळ

१/७
जपमाळेत मणी असतात १०८. १८६५ साली काठमांडूहून तिबेटकडे निघालेल्या एका यात्रेकरूच्या माळेत मात्र १००च होते. दर शंभराव्या पावलाला एक मणी सरके. माळ पुरी झाली की १०,००० पावले, म्हणजे सुमारे ५ मैल. हा यात्रेकरू वस्तुतः मोजणीदार होता: पंडित नैनसिंह रावत.

२/७
जन्म १८३०, कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावी. पेशा शिक्षकाचा, म्हणून ‘पंडित’. तिबेटची दारे युरोपीयांना बंद होती. त्यामुळे ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी सीमाभागातील लोकांनाच मोजणी शिकवण्याची योजना आखली.

३/७
प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट, कवड्यांत पारा. पाऱ्याच्या सपाट पृष्ठभागाला क्षितिज मानून ताऱ्यांची उंची घेतली जाई आणि त्यावरून अक्षांश निघे. स्थळाची उंची सांगे उकळते पाणी: ३०० मीटर वर चढले की उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो.

४/७
अशा रीतीने ते ल्हासाला पोहोचले आणि तेथून त्सांगपो नदीच्या मार्गाने मानसरोवरापर्यंत मोजत आले. १८७४ मध्ये लेहहून पुन्हा प्रस्थान. पँगाँग सरोवर, उत्तर पठारावरील सरोवरांची रांग, नामत्सो, ल्हासा आणि १८७५ मध्ये आसाम. यांपैकी कित्येक सरोवरे युरोपीय नकाशांवर प्रथमच उमटली.

५/७
याला ‘शोध’ म्हणावे काय? तिबेटशी व्यापार करणाऱ्या जोहारच्या भोटियांना पलीकडच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. नैनसिंह त्याच समाजातले. वाटा जुन्याच होत्या. त्या कागदावर आल्या आणि कागद साम्राज्याच्या दप्तरी गेला.

६/७
येथेच या पराक्रमाची दुसरी बाजू दिसते. ज्यांनी यात्रेकरू समजून आसरा दिला, त्यांच्याच भूमीची मोजणी चालली होती. श्रद्धेची साधने हेरगिरीची साधने झाली. १९०४ मध्ये ब्रिटिश सैन्य ल्हासात शिरले. नकाशा कोणासाठी काढला जातो, हा प्रश्न म्हणूनच नकाशाच्या अचूकतेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

७/७
गुप्ततेपोटी आरंभीच्या वृत्तांतांत त्यांचे नाव नव्हते, केवळ ‘पंडित’ एवढाच उल्लेख असे. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल तिकिटावर ते आले २००४ मध्ये. त्यांना केवळ वीर म्हणणे अपुरे आणि केवळ हेर म्हणणे अन्यायाचे. सरोवराच्या काठची ती बारीक रेषा मात्र एका माणसाने पाऊल मोजत आखली होती, एवढे विसरू नये.